भांगाची का उधाणाची

नकाशा एकास चार हजारचा.
म्हणजे माझ्या पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेघ
सारसोळ्याच्या चिखलात दोन मीटर रुंद.
कॉलेजात हे नुसतं गणित होतं.
सुनावणीच्या दिवशी त्या दोन मीटरांवर
पोशीबाई तांडेल उभी होती,
हातात हरकतीचा अर्ज, नातवाच्या अक्षरातला,
आणि अर्जाला सुक्या जवळ्याचा वास.

तिनं बोटानं जेट्टी ओळखली,
जेट्टीवरून तिवरं, तिवरांतून धारण तलावाची उघाडी,
मग निळ्या रेघेवर बोट थांबलं.
"ही कंदची गो, बाय? भांगाची का उधानाची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी सूचीकडे.
सूचीत छापलं होतं: भरतीरेषा.
एवढंच. एकवचनी.

तिचं गणित असं:
तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं,
येईल त्या वाजता पाणी भरतं.
दशमीला साडेसात. पंचमीला पावणेचार.
आमची खाडी आत, म्हणून वर घटकाभर.
मी वहीत उतरवून घेतलं,
ती हसली, म्हणाली, पानी वहीत बघत नाय.

तिवरं वनखात्याची.
मुळांतला चिखल महसुलाचा.
चिखलावरचं पाणी बंदरवाल्यांचं, भरती असेल तोवर.
तलाव एकाचा, तलावातला गाळ दुसऱ्याचा,
की उलट, त्यावर सात वर्षं पत्रं फिरताहेत.
आणि निवटा?
तो दिवसभर चारही खात्यांतून उड्या मारतो
ना हरकत दाखल्याशिवाय.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला मी गेले.
कुणी पाठवलं नव्हतं, भत्ता मिळणार नव्हता.
पोशीबाईनं जुनं लुगडं फाडून पट्ट्या केलेल्या,
लाल, एकीला अजून काठ.
सव्वाअकरा, वर घटकाभर.
पाणी आवाज न करता आलं
जसं घरचं माणूस मागल्या दारानं येतं.
बांधाला लागलं, थोडं थांबलं, बांध ओलांडून
भूखंड सतराच्या पाटीला टेकलं.
तिथं पहिली पट्टी.
पुढे कुंपणाला. पुढे गटाराच्या जाळीला,
जिथून ते खालून वर येत होतं,
उघाडीचं दार गाळानं मिटत नाही म्हणून.
मग रस्ता. मग एक गेट,
ज्याचा वॉचमन मला नावानं ओळखतो.
पार्किंगच्या उतारावर, बी विंग,
माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला
तिनं शेवटची गाठ मारली, जाळ्याची मारतात तशी.
काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

हा सेक्टर आखला तेव्हा मी जन्मले नव्हते.
आखणाऱ्यांना पाणी माहीत होतं;
म्हणून तर तलाव ठेवले,
पाण्याला टेकायला ओसरी ठेवली.
पुढे कुणीतरी ओसरीवर सामान रचलं.
कुणीतरी म्हणजे,
त्या फाइलीत तीन सह्या माझ्या आहेत.

साहेब म्हणतात, रेघच लागते,
कोर्टात पट्टा टिकत नाही. खरं आहे.
पोशीबाई म्हणते, मी कुनाला ऊठ सांगत नाय,
घरं काय डोक्याव घ्यायची?
पन तिला वलायला जागा ठेव.
तिला म्हणजे खाडीला. खाडी तिच्या बोलण्यात
नेहमी बाई असते, पायजड, रात्रीची परतणारी.

पेन बाजूला. पेन्सिल, टू-बी.
रेघ भूखंड सतरामधून गेली,
रस्ता ओलांडून आमच्या बी विंगखालून गेली,
तिथे हात जरा हलला, खोडलं नाही.
रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.

सूचीत एक नवा रकाना पाडला: कधीची.
त्यात लिहिलं,
उधाणाची. भाद्रपद पौर्णिमा, रात्री पावणेबारा.
समक्ष पाहिली.