सतरा पायऱ्या

शमशादभाभींच्या जिन्याला सतरा पायऱ्या.
नववी तुटकी होती, तिच्यावर डावीकडे पाय द्यायचा नाही,
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
गावभागात बावीस वर्षं समोरासमोर राहून
मी त्यांच्याकडे वर कधी गेलेच नव्हते.

त्या रात्री पुलाजवळची पट्टी बघून आलेला
कोष्ट्यांचा निवृत्ती ओरडत गेला,
"सकाळपर्यंत गल्लीत येतंय बघा!"
भाभी खिडकीतून म्हणाल्या, "आणा वर काय ते.
खोली एकच आहे, आणि माणसं आम्ही सहा."

माझ्या गुडघ्यांनी तीन फेऱ्या कबूल केल्या.
चौथीचं नाव काढलं नाही.

पहिल्या फेरीत मी काय नेलं, सांगू?
काचेचा डिनर सेट. खोक्यातला, चिकटपट्टीसकट.
रेवतीच्या लग्नात आलेला,
चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेला.
दुसऱ्या फेरीत शालू, मिक्सर
आणि हप्त्यांवर घेतलेलं पाय चेपायचं यंत्र.
(वजन विचारू नका.)
तिसऱ्यांदा कागदपत्रं, पासबुक, रक्तदाबाच्या गोळ्या.
तोवर पाणी उंबऱ्याशी आलं होतं
मांजरासारखं,
पावलं न वाजवता.

ह्यांची दुधाची वही खालीच राहिली.
खिळ्याला दोऱ्यानं टांगलेली.
रोजचा हिशोब, आणि समासात बारीक अक्षरात
"हिला बरं नाही. अर्धा लिटर जादा."
"रेवती पहिल्यांदा सायकलवर. दूध नासलं."
"आज काही विशेष नाही. ऊन छान."
माणूस जाऊन चार वर्षं झाली होती,
अक्षर मात्र रोज भिंतीवर लटकत होतं
आणि मी त्याच्याखाली उभी राहून चहा गाळायचे.

चिखल उपसताना वही सापडली.
म्हणजे लगदा सापडला, खिळ्यासकट.

डिनर सेट फोडला मग. एका साध्या बुधवारी.
भाभींना, पोरांना त्यातच आमटीभात वाढला.
धाकट्यानं एक ताट पाडलं
आणि मला, खरं सांगते, हलकं वाटलं.
यंत्र भाभींच्या सासऱ्यांना दिलं.
ते त्याच्यावर पेपर ठेवतात.

तेव्हापासून एक खोड लागलीय.
हरभट रोडवर दुकानदार साडीची घडी उलगडतो
आणि मी मनात पायऱ्या मोजते:
नेईन का हिला वर?
त्याला वाटतं, बाई भाव करतायत.
बहुतेकदा सातव्या-आठव्या पायरीलाच उत्तर येतं.
कधी सतराव्यापर्यंत जीव लागतो,
मग मी घासाघीस करत नाही.
भडंग मात्र न मोजता घेते.
सगळंच तोलत बसलं
तर माणसाची तागडी होते.

पण एक गोष्ट मी उचललीच नव्हती,
तरी ती वर पोचली होती.
आमच्यासोबत खोलीत चार दिवस बसली,
भाभींच्या चटईवर, माझ्या उशाला.
तासगावच्या जावेशी अकरा वर्षांचा अबोला.
एका पाटलीवरून.
पाटली कुणाकडे गेली, तेही आता नीट आठवत नाही.

फोन लावला. बोलायचं काय, ठरवलंच नव्हतं.
म्हटलं, "प्रमिला, बेदाणे वाळले का गं?"
पलीकडे पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, "यंदा जरा काळे पडले."
एवढंच.
दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला, आणि भांडली.
बरं वाटलं.

आता दुधाचे पैसे मोबाइलवरून जातात,
वहीची गरज नाही.
तरी आणलीय एक, शंभर पानी,
त्याच खिळ्याला टांगलीय.
माझं अक्षर ह्यांच्यासारखं नाही, उतरतं जातं.

"मंगळवार. अर्धा लिटर.
काही विशेष नाही.
भाभींनी नवव्या पायरीला सिमेंट लावून घेतलं,
अजून ओलं आहे.
जाताना उजवीकडून."