पुस्तक समुद्रकाठचं

पुस्तक म्हणतं पाच.
पिस्टन माथ्यावर पोचायच्या पाच अंश आधी
ठिणगी पडली पाहिजे.
माझा बाप म्हणतो आठ.
"पुस्तक लिहिणारा समुद्रकाठी राहत असणार.
मोराच्या खोऱ्यात, साडेसात हजार फुटांवर
हवा पातळ, आळशी.
तिला जरा आधी हाक मारावी लागते, एलोइसा."

हे तो ओरडून सांगतो.
क्वेस्टाच्या खाणीत, दगड भरडणाऱ्या यंत्राशेजारी
एकवीस वर्षं काढली.
तेव्हापासून सगळं ओरडूनच,
"मीठ दे" सुद्धा.

काल मी पुस्तकाचं ऐकलं.
पिन्यॉनची लाकडं भरली, होल्मनचा चढ धरला,
दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धापा टाकू लागली
आणि शाळेची पिवळी बस आम्हाला मागे टाकून गेली.
मागच्या काचेतून पोरं हात हलवत होती.
बाप समोर बघत राहिला.
काही न बोलणं त्याला इतकं छान जमतं
हे मला माहीत नव्हतं.

म्हणून आज पुन्हा बॉनेट वर.
सत्त्याऐंशी सालची टोयोटा, दार निळं, बाकी सगळी विटकरी.
आधी थ्रॉटलचा सेन्सर:
दोन स्क्रू ढिले, फटीत पोलादाचं पातळ पातं,
सत्तावन्न शतांश मिलिमीटर.
मीटर बीप करतो. बरोबर.
मग जाड पातं, पंच्याऐंशी.
आता मीटर गप्प. तेही बरोबर.
कुठे बोलायचं, कुठे नाही,
एवढंच त्या सेन्सरला शिकवायचं असतं.
बापाला बीप ऐकू येत नाही.
तो माझा चेहरा बघतो,
भुवया सैल झाल्या की म्हणतो, "लागला. घट्ट कर."

मग कागदाची क्लिप वाकवून
काळ्या डबीतल्या दोन भोकांत खुपसायची,
की कॉम्प्युटर स्वतःची अक्कल चालवणं थांबवतो.
फिरत्या पुलीवर दिवा रोखते.
दिव्याच्या उघडझापीत पुली थबकते,
खडूनं भरलेली खाच
पाचाच्या रेघेसमोर थरथरत उभी.
काहीच थांबलेलं नाही, मला ठाऊक आहे.
पण या खोट्यावर भरवसा ठेवूनच
खरं मोजता येतं.

बारा नंबरचा पाना. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट.
बुडाचं काळं वंगण चिंधीनं पुसते
तर खाली ओरखडे.
खिळ्यानं मारलेले, एकाशेजारी एक, चार.
पहिला खोल, कडेला गंज धरलेला:
तेव्हा तो नुसत्या कानानं टायमिंग लावायचा,
शेजारच्या गल्लीतून सांगायचा कुणाची गाडी
किती मागे आहे.
दुसरा, तिसरा, अर्धे बुजलेले.
चौथा मात्र नवा. अल्युमिनियम चकाकतंय.

गेल्या शरदातला.
तेव्हा तर दारावरची थापही
त्याला कुत्र्याकडून कळायची.

मी ओरखड्यावर बोट ठेवते, त्याच्याकडे बघते.
तो पुढे येतो, माझ्या हातातला दिवा काढून घेतो,
माझा पंजा मडगार्डवर ठेवतो,
वर आपला.
दुसऱ्या हातानं डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवतो.
पत्र्यातली कुरकुर बारीक होते, खडबडीत होते,
परत येते,
आणि मग एका जागी
मांजर अंग सैल सोडतं तशी
सगळी गाडी खाली बसते.

"इथे," तो म्हणतो.
पहिल्यांदाच, हळू.

बोल्ट आवळते. दिवा धरून बघते:
साडेसात.
मी त्याला काळी आठ बोटं दाखवते.
तो मान हलवतो, बाकावरचं पुस्तक उघडतो,
पाचाचा आकडा पेन्सिलीनं खोडतो,
शेजारी काही न लिहिता
मिटून ठेवतो.

क्लिप अजून डबीतच आहे.
ती काढायची आठवण मला
होल्मनच्या अर्ध्या चढावर होते.