मधलं 'आणि'

त्रेचाळीस झ्लॉटी साठ.
कार्ड तीनदा नाही म्हणालं.
काउंटरवरची पोर भली, हळूच बोलली,
"मशीन कधीकधी असं करतं हो."
मशीननं काही केलं नव्हतं.
खसखस परत ठेवली, लोणी परत ठेवलं,
कोटाच्या अस्तरात शिरलेली नाणी उकरून
दूध नि यीस्ट तेवढं आणलं.

ग्दान्स्कचं आखात हल्ली गोठत नाही.
माझ्या लहानपणी बाबा त्यावरून चालत जायचे
मासे धरायला, खांद्यावर स्टूल घेऊन.
यंदा गोठलं ते आमचं खातं,
तेही एप्रिलात.

बँकेत टोकन एकशे सतरा.
बाई म्हणाली, वसुली अधिकाऱ्याचा आदेश आहे,
कर्ज तुमच्या मिस्टरांचं.
मी म्हटलं, मी कुठेच सही केलेली नाही.
तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला :
झेनॉन आणि हालिना.
"हे बघा," म्हणत पेनाच्या टोकानं
तिनं मधल्या 'आणि'ला टोचलं.

आता सिद्ध करायचंय, यातले माझे कोणते.
अकरा वर्षं रात्रपाळीला ट्रामचे डबे धुतलेत मी,
माझ्या पैशाला फिनेलचा वास येतो,
हुंगून बघा,
म्हणणार होते.
फॉर्म चार पानी. पगाराच्या पावत्या जोडा.

घरी झेनॉन बटाटे सोलत बसलेला.
साल इतकी पातळ
की पलीकडचा दिवा दिसावा.
किती? मी विचारलं.
त्यानं आकडा सांगितला. मग पुन्हा सांगितला,
या वेळी खरा.
कुणासाठी?
चाकू थांबला.
"विटोल्डच्या बोटीचं इंजिन. जामीन राहिलो.
तुला सांगू नको म्हणाला."
विटोल्ड माझा भाऊ. पाठचा.
दारातून आत येतानाच मी जो राग
हाताशी धरून आणला होता,
त्याला टेकायला जागाच उरली नाही.
तो तसाच उभा राहिला स्वयंपाकघरात,
ओल्या छत्रीसारखा.

शुक्रवारी बोझेनानं पगार पाकिटातून हातात दिला.
खात्यावर नको, म्हणाली, गिळून टाकतील.
पाकीट मी पिठाच्या डब्यात खोचलं,
पार तळाशी.
"पगार झाला?" झेनॉननं विचारलं.
अजून नाही, म्हटलं.
त्यानं माझ्या पिठाळ बोटांकडे पाहिलं
आणि पातेल्यात मीठ टाकलं.