टाकी दिसते, टेकडी नाही

पहाटे साडेचारला सोनेगावचं हवामान
अजून कालचंच असतं.
तेवीस शून्य शून्य झेड.
मी मनात साडेपाच तास मिळवते
आणि आजमध्ये येते.

दिवा लावत नाही, आत्या जागी होईल.
पडद्याच्याच उजेडात नागपूर ते बिरसी
एक गुलाबी रेघ ओढते.
चौऱ्याहत्तर मैल, तेही सागरी,
जिथं समुद्र कुणाच्या स्वप्नातही नाही.
मौद्याच्या जरा वरून, मोहाडीपाशी वैनगंगा,
सत्तेचाळीस मिनिटं.
आत्याला तेवढीच बघायची आहे, वैनगंगा, वरून.
खालून ऐंशी वर्षं बघितली म्हणते.

पेट्रोल: परत येऊन पाऊण तास उरेल एवढं.
सूचना: धावपट्टीच्या पूर्वेला क्रेन, दिवा लावलेली.
पक्ष्यांपासून सावध. हे बाराही महिने असतं,
फाटकावरच्या कुत्र्याच्या पाटीसारखं.
प्रवाशाचं वजन.
काल विचारलं तर आत्या म्हणाली, अठ्ठावन्न.
मी चौसष्ट लिहिते.
विमानाशी खोटं बोलता येत नाही.

निघायचं ते सातच्या आत.
मे महिन्यात दुपारी तीनला
सोनेगाव जागचं न हलता
हजार फुटांवरून पाच हजारांवर जाऊन बसतं,
चिखलदऱ्याच्याही वर,
फक्त गारवा तेवढा नेत नाही.
पातळ हवेत पंख चाचपडतात,
धावपट्टी संपत येते
आणि चाकं जमीन सोडायला तयार नसतात.

वारा शून्य. ढग नाहीत.
सगळे चौकोन हिरवे.
एकेक चौकोन नऊ किलोमीटरचा,
त्यात विमानतळ, खामला, आमचं त्रिमूर्तीनगर,
सगळ्यांना एकच हवा वाटून दिलेली.

तरी फोन लावते. सवय.
टेंभुर्णे, रात्रपाळी, आवाजात झोपेची खरखर.
'थांबा मॅडम, पाहून येतो.'
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.
चपला. कडी. जिना.
मग बराच वेळ पंख्याची घरघर
आणि लांब कुठेतरी एक कोंबडा, विमानतळावर.

'टाकी दिसते,' टेंभुर्णे म्हणाले,
'टेकडी नाही दिसून राहिली.'

टाकी चार किलोमीटरवर.
टेकडी सहावर.
मला पाच लागतात.
पाचावर कुणी काहीच बांधलेलं नाही.

'नऊपर्यंत दिसेल टेकडी. पण मग...'
'हो,' मी म्हटलं. नऊला हवा उकळायला लागते
आणि आत्या ऐंशीची.
'चार लिहू ना?'
माझी परवानगी मागितल्यासारखं विचारलं त्यांनी.
'लिहा.'

मागे वळले तर आत्या दारात उभी,
सुती नऊवारी, पायात सुनेचे बूट,
पिशवीत पाण्याची बाटली आणि लिंबू.
'काय म्हणून राहिला कम्प्युटर?'
'हो म्हणतोय.'
'मग?'
'टेंभुर्णे नाही म्हणतात.'
'कोण टेंभुर्णे?'

मलाही माहीत नाही.
सात वर्षं नुसता आवाज.
बुटका की उंच, चष्मा आहे का,
(चष्मा असेल तर टेकडी...)
नको, हे नाही विचारायचं.

आत्यानं पिशवीतलं लिंबू काढून ओट्यावर ठेवलं.
'बरं. पोळ्या टाकते मग.'

पाच वाजता पडद्यावर नवी ओळ आली.
चार शून्य शून्य शून्य.
जिना, कडी, चपला, कोंबडा,
सगळं त्या चार आकड्यांत बसलेलं,
आणि शेवटी नेहमीचा शब्द, नोसिग:
येत्या दोन तासांत विशेष बदल नाही.
रायपूरला कुणी वाचत असेल, भोपाळला कुणी.
त्यांना वाटेल, यंत्रानं मोजलं.

मी आराखडा पुसायला गेले,
तर आत्या कणीक भरल्या हातानं
माझ्या खांद्यावरून वाकलेली, चष्मा सावरत,
'त्या रेघेचं राहू दे,' म्हणाली,
'हे चौसष्ट कोणाचं आहे?'