तीन उजवी वळणं

आई आता डावीकडे वळत नाही.
यॉर्कटनच्या हमरस्त्यावर समोरून येणारे धान्याचे ट्रक
आधी लांब असतात,
मग एकदम अंगावर. मधलं काही दिसतच नाही म्हणते.
म्हणून ती चौक ओलांडून एक उजवं घेते,
मग आणखी एक, मग तिसरं,
आणि युक्रेनी चर्चच्या हिरव्या घुमटापाशी
बरोब्बर डावीकडे निघते.
"पोचलो की नाही?"
पोचलो.

रात्रीची गाडी तिनं सोडली बाबा गेले त्या हिवाळ्यात.
मग बर्फातली. मग रेडिओ.
यंदा शेजारच्या सीटवरचं बोलणंही.
मी गप्प बसतो,
मांडीवर लोणच्यातल्या बिटाच्या दोन बरण्या.

"घड्याळ काढा, मिसेस बोहाचिक. अकरा वाजून दहा."
तिनं गोल सुरेख काढला, काटेही काढले,
आकडे मात्र सगळे उजवीकडेच
दाटीवाटीनं बसवले.
"सस्कॅचेवानात आम्ही घड्याळं मागेपुढे करत नाही हो,"
डॉक्टरांना वर ऐकवलं.
ते हसले. आणि लिहीत राहिले.

परतताना बेकरीपाशी उजवं,
पोस्टापाशी उजवं,
पुढच्या चौकात ती थांबली.
रस्ता रिकामा, क्षितिजापर्यंत रिकामा.
इंडिकेटर टिकटिकत होता.
चावी उद्यापासून माझ्या खिशात असणार,
हे तिला अजून सांगायचं होतं.

"कितवं रे हे?"

तिसरं होतं.

"पहिलं," मी म्हणालो.