फुली-गोळा

वडलांच्या वहीत आपले अकरा म्हणजे गोळे,
समोरचे अकरा म्हणजे फुल्या.
गोळ्यातून बाण निघतो, फुलीला वळसा घालतो
आणि पानाच्या कडेला टेकतो.
आम्ही गावं बदलली तीही अशीच.

पहिलं नेब्रास्कात, मक्याच्या कोठारांमागे.
पगार नावापुरता. कामं म्हणाल तर फिती कापणं,
टॉवेल मोजणं, मोठ्या कोचची गाडी धुऊन आणणं,
आणि रात्री दोनला, सगळे गेल्यावर,
फळ्यावर अर्धवट पुसलेलं वाचत बसणं.
त्याच वर्षी त्यांनी आईला अंगठी दिली,
आणि पेपर नॅपकिनवर काढून दिला एक डाव.
अंगठी पुढे टल्सात गहाण पडली.
नॅपकिन आहे.

मग ओक्लाहोमा. मग आर्कान्सा, टाइट एंडचे कोच.
मग केंटकी, क्वार्टरबॅकचे.
तिसरीत मी दोन शाळा पाहिल्या, चौथीत तीन,
कुठल्याच वर्गाच्या फोटोत नाही.
आई खोक्यांवर मार्करने लिहायची:
स्वयंपाकघर. हिवाळा. ऑरिनची खेळणी.
एकावर नुसतंच: नंतर.

ओहायोत ते ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले.
बढती म्हणजे उंची. आता ते वर, काचेच्या खोलीत,
कानाला हेडसेट, हातात प्लास्टिकचं लांबलचक पान,
हॉटेलच्या मेनूसारखं.
ओठ कुणी वाचू नयेत म्हणून ते पान तोंडासमोर धरायचे.
सवयच लागली. जेवताना मीठ मागायचे
तेही तोंडावर हात ठेवून.

आक्रमणाचा सूत्रधार!
ज्या माणसानं घरात कधी दार आपटलं नाही.

जिंकलो की पोरं जिंकायची.
हरलो की डाव कुणी दिला, याची चौकशी सुरू.
दंतवैद्य माझ्या उघड्या तोंडात आरसा घालून म्हणाला,
वडलांना सांग, चेंडू पळवा म्हणावं, फेकू नका.
मी आ वासून होते. काय सांगणार?

नोव्हेंबरातला शनिवार. चौथी संधी, एक यार्ड बाकी.
सगळं स्टेडियम मधली वाट बघत होतं.
वडलांनी नॅपकिनवरचा डाव दिला.
लेमाना तुइसोसोपो कोपऱ्यात एकटा, मोकळा,
आसपास एक फुली नाही.
चेंडू आला, हातात बसला,
आणि निसटला.

पत्रकारांना म्हणाले, डाव माझा होता.
हात कुणाचे होते, ते त्यांनी
आम्हालासुद्धा कधी सांगितलं नाही.
सोमवारी सकाळी आमच्या हिरवळीवर
कुणीतरी 'घर विकणे आहे' पाटी ठोकून गेलं.
आई पाटी उपटायला गेली, थबकली,
आणि खालचा दलालाचा नंबर लिहून घेतला.

पुढची चार वर्षं ॲनालिस्ट:
अंधाऱ्या खोलीत बघायचं,
मैदानावर बोलायचं नाही.
एकदा सरावात एक पोरगा चुकीच्या पायावर उभा होता.
वडील खिशात मूठ आवळून तसेच.
त्या मुठीत शिटी होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आता साउथ डकोटा. एकसष्ट वय.
पत्र्याच्या बाकांचं मैदान, वारा अखंड.
चुन्याच्या रेघा स्वतःच आखतात,
बस उशिरा आली तर सँडविचही स्वतःच वाटतात.
'नंतर'चं खोकं टीव्हीसमोर आहे,
पाय ठेवायला बरं पडतं.

परवा रविवारी रात्री फोन वाजला.
लेमाना. कुठल्याशा हायस्कुलात आता कोच आहे.
कोच, म्हणाला, काल चौथ्या संधीला
मी तोच डाव दिला.
वडील गप्प. आई नळ बंद करून उभी.
मग?
पोराच्या हातून सुटला, कोच.

बराच वेळ दोन्हीकडे फक्त वारा.
मग वडलांनी तोंडावरचा हात काढला,
खोक्यावरचे पाय खाली घेतले,
पेन्सिल शोधली
आणि विचारलं:
त्यांचा सेफ्टी कुठे उभा होता?