धडा

धरणगावच्या जिनिंगबाहेर भुईकाटा आहे,
त्याच्या काचेच्या खोलीत मी अकरा हंगाम बसले.
भरली गाडी येते, आकडा लिहायचा.
रिकामी गाडी जाते, आकडा लिहायचा.
मधली वजाबाकी म्हणजे कापूस.
रिकाम्या गाडीच्या वजनाला आम्ही धडा म्हणतो.
शाळेतही धडेच होते,
पण ते कुणी वजा करत नसे.

बी.कॉम.चं दुसरं वर्ष माझं चौथ्या वर्षी चालू होतं.
तास रविवारी, जळगावला,
आणि हंगामात रविवार नसतो.
केंद्रातले सोनवणे बाबू चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"येणाऱ्या विषयाच्या तासाला बसता कशाला?
परीक्षा द्या. सगळीकडे एकच पेपर, एकाच दिवशी.
पास झालात की क्रेडिट खात्यावर जमा."
खात्यावर म्हणजे?
"बँकच ती. फक्त पैसे नसतात."

घरी लेक बारावीला.
ती म्हणाली, "मम्मी, म्हणजे तू माझ्या आधी सुटशील?"
सुटशील,
असंच म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी स्टँडवर पारूमावशी,
काखेत मेथीचं गाठोडं.
"कथा चालनी व माय इतली सकायमा?"
"पेपर शे."
"कोना? पोरना?"
"मना."
तिनं गाठोडं खाली ठेवलं
आणि मला नीट पाहून घेतलं.

पाळधी, बांभोरी, मग गिरणेचा पूल.
खाली खड्डेच खड्डे, मधे पाण्याची एक रेघ.

हॉलतिकिटावर मी 'जोसना',
पहिलीच्या बाईंनी लिहिली तशी.
आधारवर ज्योत्स्ना.
दारावरच्यानं दोन्ही कागद उन्हात धरले.
"एकच का?"
एकच.
आत सगळी वीस-एकवीसची मुलं.
एक जण मला बघून उभा राहायला लागला,
त्याला वाटलं मॅडम आल्या.
मी त्याच्याच शेजारी बसले,
माउस कुठल्या बाजूला असतो ते त्याच्याकडे बघून घेतलं.

पहिलाच प्रश्न घसाऱ्याचा.
यंत्र सहा लाखांचं, आयुष्य दहा वर्षं,
भंगारात पन्नास हजार.
अहो, त्या काट्याचं लोखंड
माझ्या डोळ्यांसमोर झिजलंय,
दर जानेवारीत शेठ विचारतात, अजून किती चालेल?
पंचावन्न हजार. कच्चा कागद कोराच राहिला.

चाळिसावा नावलौकिकाचा.
दिसत नाही, हात लावता येत नाही,
तरी मालमत्ता. किंमत काढा.
सूत्र पाठ होतं, ऐन वेळी गेलं.
आठवला तो एरंडोलचा ट्रकवाला,
वाटेतले तीन काटे सोडून यायचा,
म्हणायचा, "ताईना काटावर करू."
चार पर्यायांत तो नव्हता.
मी 'क' दाबला.

निकाल आला तेव्हा काट्यावर गाडी उभी होती.
लेखांकन: उत्तीर्ण, तीन क्रेडिट.
अर्थशास्त्र दोन गुणांनी राहिलं.
दोन्ही मिळून एक सत्र वाचणार होतं;
एकानं किती वाचलं ते सोनवणे बाबूंना विचारायला हवं,
आणि अर्थशास्त्राचे रविवार
जिनिंग बंद असताना, जूनपासून.
तीन.
अकरा हंगामांतून काय काय वजा करून
एवढे उरले,
ते मोबाइलवर आलं नव्हतं.

हॉर्न वाजला.
"ताई, धडा ल्या ना, रिकामीच शे गाडी!"
पाच हजार सातशे चाळीस.
पावती फाडण्याआधी सही करायची असते,
रोज मी नुसती एक वळवळ करते.
आज पूर्ण नाव लिहिलं,
सगळ्या जोडाक्षरांसकट,
इतकं दाबून
की कार्बनखालच्या तिसऱ्या प्रतीवरही उमटलं.